दर दहाव्या पेशीला कोण निवडतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तो आधी थोडक्यात मांडते. इगतपुरीजवळच्या घरच्या खाचरातून तुम्ही हिरवा थर खरवडून आणलात आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत बीजी-११ माध्यमात, म्हणजे शेवाळ वाढवण्याच्या नेहमीच्या पोषक द्रावणात, वाढवलात. पंधरा दिवसांत फ्लास्क हिरवागार झाला. सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळेसारखे धागे दिसले, पण पुस्तकातल्या त्या जाड भिंतीच्या पेशी, म्हणजे हेटेरोसिस्ट, एकही नाही. मग तेच शेवाळ नत्र नसलेल्या माध्यमात हलवलंत. दोन दिवसांनी एका फ्लास्कमध्ये तरीही काही नाही. दुसऱ्यात हेटेरोसिस्ट आले, पण काही माळांत दोन-दोन शेजारी शेजारी. तुम्ही विचारता, पुस्तक म्हणतं दर दहावी पेशी, मग माझं शेवाळ बिघडलंय का? आणि सगळ्या पेशी सारख्याच असताना नेमक्या दहाव्या पेशीला निवडतं कोण?

शेवाळ बिघडलेलं नाही, एवढं आधी सांगून टाकते. मी नाशिकला २६ वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. निवृत्तीनंतरही गच्चीवर ट्रेमध्ये भातासाठीचं निळं-हिरवं शेवाळ वाढवण्याचा नाद सुटलेला नाही. या २६ वर्षांत हेटेरोसिस्ट पहिल्याच खेपेला, पुस्तकातल्यासारखे, ठरावीक अंतरावर दिसलेले विद्यार्थी मला हाताच्या बोटांवर मोजता येतील.

तुमचे दोन प्रश्न तुम्हाला वेगळे वाटताहेत. एक माध्यमाचा, दुसरा जीवशास्त्राचा. माझ्या मते ते एकच आहेत. ‘कोण निवडतं’ असं विचारलं की आपण निवडणारा शोधत बसतो, आणि तो सापडत नाही, कारण तिथे निवड होतच नाही. तिथे मनाई होते. हेटेरोसिस्ट होण्याची ताकद माळेतल्या जवळपास प्रत्येक पेशीत असते, आणि बहुतेक पेशींना कोणीतरी थांबवलेलं असतं. पहिल्या फ्लास्कमध्ये सगळ्यांना माध्यमातल्या नायट्रेटने, म्हणजे आयत्या नत्राने, थांबवलं होतं. दुसऱ्यात बहुतेकींना शेजारणीने थांबवलं.

आता मनाई कोणाकडून, कशी आणि किती वेळ, हे बघू. यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्या धाग्याची जात कोणती, खोली किती गार, पाणी कुठलं, धुतलंत किती वेळा. मी जे आकडे देईन ते मुख्यतः ॲनाबीना ७१२० या प्रयोगशाळेतल्या वाणाचे आहेत. जगभर सगळा अभ्यास त्याच्यावर झालाय आणि २००१ साली त्याचा संपूर्ण जीनोमही वाचून झाला. तुमचं खाचरातलं शेवाळ त्याचं चुलत भावंड असेल, जुळं नव्हे.

ही वेगळी पेशी लागतेच कशाला, तिथून सुरुवात करते. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण ते दोन अणूंच्या घट्ट मिठीत. ती मिठी सोडवणारं विकर म्हणजे नायट्रोजिनेज. नत्राच्या एका रेणूमागे ते एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, १६ रेणू खर्च करतं, आणि ऑक्सिजन लागला की कायमचं निकामी होतं. आता या शेवाळाची पंचाईत बघा. दिवसभर प्रकाशसंश्लेषण करून ऑक्सिजन सोडणं हाच त्याचा धंदा. म्हणजे भट्टीशेजारी बर्फाचा कारखाना काढायचा! काही एकपेशी सायनोबॅक्टेरियांनी (निळ्या-हिरव्या शेवाळाचं हे शास्त्रीय नाव) वेळ वाटून घेतली: दिवसा प्रकाशसंश्लेषण, रात्री नत्र. माळ करून राहणाऱ्यांपैकी ॲनाबीना, नॉस्टॉक, ऑलोसिरा, टॉलिपोथ्रिक्स वगैरेंनी जागा वाटून घेतली. काही पेशी ऑक्सिजन बनवणं सोडून देतात, जाड भिंत बांधतात आणि आत नत्राचं काम करतात.

हे आज एका वाक्यात सांगता येतं, पण कळायला फार वेळ लागला. १९३९ साली पी. के. डे यांनी भातखाचरातलं नत्र निळ्या-हिरव्या शेवाळामुळे टिकतं असं दाखवलं, पुढे बनारसला आर. एन. सिंह यांनी आयुष्यभर त्यावर काम केलं. तरी माळेतली ती फिकट, जाड पेशी नेमकी करते काय, हे ठाऊक नव्हतं. १९५१ साली फ्रिट्श यांनी तर तिला वनस्पतिशास्त्रातलं कोडंच म्हटलं. १९६८ मध्ये फे, स्टुअर्ट, वॉल्सबी आणि फॉग यांनी नत्र स्थिर करण्याची, म्हणजे ती मिठी सोडवण्याची, जागा हीच असावी असं ठामपणे मांडलं, तेव्हा कुठे कोडं सुटायला लागलं. म्हणून दोन फ्लास्क बिघडले म्हणून खट्टू होऊ नका.

आता तुमचा पहिला फ्लास्क. बीजी-११ च्या एका लिटरमध्ये दीड ग्रॅम सोडियम नायट्रेट असतं. गणित करा: त्यातलं निव्वळ नत्र सुमारे २५० मिलिग्रॅम. सुक्या शेवाळात नत्र ढोबळमानाने दहा टक्के धरलं, तर ते सगळं संपायला लिटरमागे अडीच ग्रॅम सुकं शेवाळ तयार व्हायला हवं. पंधरा दिवसांच्या विद्यार्थ्यांच्या फ्लास्कमध्ये त्याच्या जवळपासही कोणी जात नाही. फ्लास्क कितीही हिरवागार दिसला तरी आत जेवण भरपूर शिल्लक होतं. जेवण समोर असताना स्वयंपाकाला कोण उठणार?

दुसऱ्या टप्प्यातला जो फ्लास्क रिकामा गेला, त्याचंही कारण बहुधा हेच. तुम्ही लिहिलंय, ‘वरचं पाणी ओतून नवीन माध्यम घातलं.’ एकदाच ना? समजा पन्नास मिलिलिटरपैकी पाच मिलिलिटर तळाशी शेवाळासकट राहिलं. नवीन माध्यम घातल्यावर जुनं नायट्रेट दहापट पातळ झालं, म्हणजे लिटरला २५ मिलिग्रॅम नत्र उरलं. पेशींच्या लेखी ती उपासमार नव्हेच. तीनदा धुतलंत तर हजारपट पातळ होतं, लिटरला पाव मिलिग्रॅम. मग खरी भूक लागते. म्हणून नत्र नसलेल्या माध्यमानेच तीन वेळा धुवा. सेंट्रिफ्यूज हळू फिरवा. जोरात फिरवलं की माळा तुटतात, आणि तुटलेल्या टोकांमुळे पुढचं सगळं मोजमाप फसतं. काटेकोर माणसं बीजी-११ मधलं फेरिक अमोनियम सायट्रेट काढून साधं फेरिक सायट्रेट घालतात, कारण नावाप्रमाणे त्यात थोडा अमोनिया असतो. तो लिटरला जेमतेम सहा मिलिग्रॅम घालायचा पदार्थ आहे, मी त्यासाठी कधी अडून बसले नाही. मॉलिब्डेट मात्र विसरू नका. नायट्रोजिनेजच्या गाभ्यात मॉलिब्डेनम असतं. ते नसलं तर हेटेरोसिस्ट दिसतील, पण माळ पिवळीच राहील.

पाण्याबद्दल माझी स्वतःची फजिती सांगते. एका वर्षी डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बंद पडलं. मी द्राक्षाच्या पट्ट्यातल्या एका बोअरचं पाणी आणलं, उकळलं, गाळलं आणि त्यातच ‘नत्रविरहित’ माध्यम बनवलं. तीन आठवडे वर्गातल्या एकाही मुलाला हेटेरोसिस्ट दिसला नाही, आणि मी मुलांनाच बोलत होते की नीट धुवा. शेवटी एका मुलीने नायट्रेटची चाचणी-पट्टी त्या पाण्यात बुडवली आणि काही न बोलता माझ्यासमोर धरली. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट कुठे जातं! वर्षानुवर्षं बागांना दिलेलं खत त्या पाण्यात होतं. तेव्हापासून कुठलंही पाणी वापरण्याआधी मी पट्टी बुडवते.

आता भूक लागली हे पेशीला कसं कळतं? मला स्वतःला या सगळ्या गोष्टीतला हा भाग सर्वांत आवडतो. पेशी नत्र मोजतच नाही. घरी पुरणपोळ्या चालल्या असतील तर बघा. कणकेचे उंडे आणि पुरण दोन्ही बरोबरीने संपत असतात. पुरण संपलं की उंडे ताटात साचायला लागतात. पुरणाचं पातेलं न बघताही, साचलेल्या उंड्यांवरून कळतं की पुरण संपलं. पेशीत या उंड्यांच्या जागी २-ऑक्सोग्लुटारेट नावाचा कार्बनचा सांगाडा असतो. अमोनिया त्याच्यावर चढवला जातो आणि त्यातून ग्लुटामेट, ग्लुटामिन आणि पुढे बाकीची अमिनो आम्लं बनतात. अमोनिया येईनासा झाला की सांगाडे साचतात. एनटीसीए नावाचं प्रथिन हे साचणं ओळखतं आणि नत्राच्या भुकेशी संबंधित जनुकं चालू करतं. २००५ साली एका प्रयोगात २-ऑक्सोग्लुटारेटसारखाच, पण पेशीला पचवता न येणारा, फ्लोरिन लावलेला रेणू आत साचवला. माध्यमात नत्र होतं, तरी हेटेरोसिस्टची तयारी सुरू झाली. पुरण पातेल्यात होतं, पण उंडे साचलेले दिसले म्हणून पेशीने समजूत करून घेतली की संपलं.

इथपर्यंत एक गोष्ट लक्षात ठेवा. भूक ही सगळ्या माळेला लागते. एनटीसीए प्रत्येक पेशीत आहे. फक्त भुकेवर काम चाललं असतं तर सगळीच माळ हेटेरोसिस्ट झाली असती आणि संपली असती, कारण हेटेरोसिस्टला पुन्हा विभाजन करता येत नाही. तेव्हा भुकेनंतर दुसरं काहीतरी घडायला हवं.

गावाकडच्या लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणा. शंभर पानं मांडलीत, वाढपी आलेच नाहीत. सगळे भुकेले, सगळे इकडे-तिकडे बघताहेत. कोणीतरी एक उठतो आणि शेजारच्यांना म्हणतो, ‘तुम्ही बसा, मी वाढतो.’ आजूबाजूचे आठ-दहा जण बसून राहतात. लांबच्यांना त्याचं बोलणं ऐकू जात नाही, म्हणून तिकडे दुसरा कोणी उठतो आणि तोही आपल्या शेजाऱ्यांना बसवतो. वरून बघणाऱ्याला वाटेल, कोणी यजमानाने मोजून दर दहाव्या माणसाला उठवलंय. प्रत्यक्षात कोणीच मोजलेलं नसतं.

माळेत ‘उठणं’ म्हणजे हेटआर हे प्रथिन. त्याचं जनुक १९९१ साली बुइकेमा आणि हॅसलकॉर्न यांनी शोधलं. ते बिघडलं तर एकही हेटेरोसिस्ट होत नाही. ते कृत्रिमरीत्या जोरात चालवलं तर नायट्रेट समोर असतानाही हेटेरोसिस्ट होतात आणि रांगेने होतात. हेटआरची एक खोड आहे: ते स्वतःचंच जनुक आणखी जोरात चालू करतं. त्यामुळे ज्या पेशीत ते जरासं आधी वाढलं, तिथे ते आणखी वाढत जातं. ‘तुम्ही बसा’ म्हणजे पॅटएस. १९९८ साली यून आणि गोल्डन यांनी दाखवलेलं हे पेप्टाइड, म्हणजे जेमतेम १७ अमिनो आम्लांची छोटी साखळी. त्याच्या शेवटचे पाच मणी, आर्जिनिन-ग्लायसिन-सेरिन-ग्लायसिन-आर्जिनिन, एवढ्यांवर सगळं अडतं. ते पाच मणी प्रयोगशाळेत बनवून नुसते माध्यमात टाकले तरी उपाशी माळेत हेटेरोसिस्ट येत नाहीत. पॅटएसचं जनुकच काढून टाकलं तर एकेक न येता दोन-दोन, तीन-तीनच्या रांगा येतात. आणि गंमत अशी की पॅटएस बनवण्याचा हुकूमही हेटआरच देतं. जो उठतो तोच बाकीच्यांना बसवतो.

इथे चाणाक्ष विद्यार्थी विचारतो, मग पॅटएस बनवणारी पेशी स्वतः का थांबत नाही? प्रश्न बरोबर आहे. पूर्ण लांबीचा पॅटएस ज्या पेशीत बनतो तिथे तो निरुपद्रवी राहतो, आणि शेजारी जाताना कापला जाऊन त्याचा खरा मारक तुकडा तयार होतो, असं मानलं जातं. याला एक पुरावा असा की उठू लागलेल्या पेशीत सरळ तो छोटा तुकडाच बनवायला लावला, तर ती पेशी स्वतःच थांबते. शेजारच्या पेशीत पोचलेला तुकडा हेटआरला चिकटतो, त्याला डीएनएवर बसू देत नाही. २००९ साली असंही दाखवलं गेलं की अशा पेशींत हेटआर लवकर नष्टही होतं. म्हणजे हेटेरोसिस्टपासून जितकं लांब जाल तितका हेटआर जास्त, जितकं जवळ तितका कमी.

‘स्वतःला वाढवणारा एक आणि शेजाऱ्याला दाबणारा दुसरा’ अशा जोडीतून आपोआप ठिपके-पट्टे उमटू शकतात, हे गणिताने १९५२ सालीच ॲलन ट्युरिंगने मांडलं होतं. तोच, संगणकवाला. त्याने शेवाळाची माळ डोळ्यांसमोर धरली नव्हती, पण गणिताला उदाहरण सापडलं ते असं.

मग पहिला कोण उठतो? थोडासा नशिबाचा भाग आहे, थोडा वयाचा. ॲनाबीना कॅटेन्युला या जातीत विल्कॉक्स आणि मिचिसन यांनी १९७०च्या दशकात पाहिलं की पेशी विभागली की दोन मुलींपैकी एक किंचित लहान असते, आणि हेटेरोसिस्ट होणारी बहुतेक वेळा ती लहान. तेव्हा दहावी ही मोजणी सरासरीची आहे. ७१२० वाणात दोन हेटेरोसिस्टमध्ये साधारण दहा ते वीस साध्या पेशी सापडतात. तुम्हाला आठ मिळाल्या, सतरा मिळाल्या, तर काहीही चुकलेलं नाही.

पंगत पुढे चालू राहते. मधल्या पेशी विभागत राहतात, माळ लांबते, दोन वाढप्यांमधलं अंतर वाढतं. मधोमध बसलेल्यांपर्यंत ना ‘बसा’चा आवाज पोचतो ना वाढप. तिथे पुन्हा कोणी उठतो. या पुढच्या टप्प्यात मनाई टिकवण्याचं काम हेटएन नावाचं दुसरं प्रथिन करतं, आणि त्याच्यातही तेच पाच मणी दडलेले आहेत. दोघांचा फरक वेळेत दिसतो. पॅटएस नसलेल्या वाणात २४ तासांतच रांगा दिसतात. हेटएन नसलेल्यात पहिल्या दिवशी सगळं ठीक असतं आणि ४८ तासांनी रांगा लागतात. शिवाय हेटेरोसिस्टकडून येणारं नत्र स्वतःच शेजारच्यांची भूक भागवतं, ती मनाई वेगळी.

तासांचा विषय निघालाच आहे, तर हे लिहून ठेवा. ३० अंश तापमानात, बऱ्यापैकी प्रकाशात, नत्र काढल्यापासून तीन-चार तासांत हेटआर वाढायला लागतं. आठ-दहा तासांच्या सुमारास पॅटएस ठरावीक पेशींत बनायला लागतो, बारा तासांच्या आसपास काही पेशी जरा फिकट दिसतात, पण भिंत अजून पातळच असते. त्यांना प्रोहेटेरोसिस्ट म्हणायचं. या काळात अमोनिया घातला तर त्या गुपचूप परत साध्या पेशी होतात. नंतर मात्र परतीची वाट बंद. २४ तासांच्या आसपास पेशी पक्की होते आणि नत्राचं काम सुरू करते. पंगतीची उपमा इथे तुटते. पंगतीतला वाढपी शेवटी पान मांडून बसतो. हेटेरोसिस्ट पुन्हा कधीच बसत नाही.

पण हे तास नाशिकच्या डिसेंबरमध्ये चालत नाहीत. इथे रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली जातो. बिनहीटरच्या प्रयोगशाळेत तोच चोवीस तासांचा प्रवास दोन-तीन दिवस घेतो. तुम्ही प्रयोग कधी केलात ते लिहिलेलं नाही. थंडीत केला असेल आणि ४८ तासांनी पाहून फ्लास्क फेकून दिला असेल, तर तुम्ही पंगत बसण्याआधीच मांडव सोडलात.

पक्की झालेली पेशी आतून कशी असते हे थोडक्यात. बाहेर शर्करांचा थर, त्याच्या आत ग्लायकोलिपिडचा थर. हवा आत शिरण्याची गती या आतल्या थराने मंदावते. प्रकाशसंश्लेषणाच्या दोन यंत्रणांपैकी ऑक्सिजन सोडणारी प्रकाशप्रणाली दोन बंद पडते, प्रणाली एक चालू राहते आणि एटीपी देते. जो थोडाफार ऑक्सिजन आत येतो तो जोरदार श्वसनात जाळला जातो. प्रकाश पकडणारी निळी रंगद्रव्यं मोडून टाकली जातात, म्हणून पेशी फिकट. दोन्ही टोकांना, शेजारणीला जिथे ती चिकटते, तिथे चमकदार ठिपका दिसतो. तो सायनोफायसिनचा, म्हणजे आर्जिनिन आणि ॲस्पार्टेटच्या साठ्याचा. शेजारणी तिला सुक्रोज पुरवतात, ती त्यांना ग्लुटामिन आणि बीटा-ॲस्पार्टिल-आर्जिनिन परत देते.

एक गोष्ट पुस्तकांत जास्तच रंगवून सांगतात, ती सावधपणे घ्या. ७१२० वाणात नत्राच्या आणि त्या कामाशी संबंधित जनुकांमध्ये परके तुकडे घुसलेले आहेत. एक ११ हजार डीएनए-जोड्यांचा, एक सुमारे ५९ हजारांचा, आणखी एक सुमारे दहा हजारांचा. हेटेरोसिस्ट होताना पेशी ते कापून काढते आणि जनुकं सांधते. १९८५ साली हे कळलं तेव्हा खळबळ उडाली होती. त्यावरून विद्यार्थी लिहितात, ‘डीएनए कापल्यामुळे पेशी हेटेरोसिस्ट होते.’ नाही. कापणी अडवली तरी हेटेरोसिस्ट दिसायला येतातच, फक्त नत्र स्थिर करत नाहीत. आणि अनेक जातींमध्ये हे तुकडे मुळातच नाहीत.

आता तुमच्या जोड्या. पॅटएस बिघडलेला वाण खाचरातून आणण्याइतकं नशीब फळफळलेलं मी तरी पाहिलेलं नाही, म्हणून आधी साध्या शक्यता तपासा. पहिली, ते दोन्ही हेटेरोसिस्ट आहेत का? खाचरातल्या माळांत ॲकिनीट नावाच्या विश्रांतीच्या पेशीही असतात. त्या मोठ्या, गडद, आत दाणेदार असतात आणि टोकाला चमकदार ठिपका नसतो. सिलिंड्रोस्पर्मममध्ये तर टोकाला हेटेरोसिस्ट आणि त्याला लागूनच ॲकिनीट असते, नवखा माणूस हमखास जोडी समजतो. अल्शियन ब्लू हा रंग असेल तर एक थेंब टाका, हेटेरोसिस्टचा शर्करेचा थर निळा होईल. दुसरी शक्यता, जातच तशी. ॲनाबीनॉप्सिसमध्ये हेटेरोसिस्ट मुळातच जोडीने येतात आणि माळ त्या दोघांच्या मधून तुटते. तुमच्या जोड्यांच्या मध्ये माळ तुटताना दिसते का ते बघा. तिसरी शक्यता, दोन माळा एकमेकींवर पडल्या आहेत. हसू नका, मीही फसलेय. फोकसचा स्क्रू हळू फिरवा, एक आधी स्पष्ट झाली आणि दुसरी नंतर, तर त्या दोन वेगळ्या माळा.

आणि सगळ्यात आधी हे बघा की फ्लास्कमध्ये जे वाढलं ते हेटेरोसिस्ट करणाऱ्या जातीचं आहे का. नायट्रेट भरपूर असलेल्या माध्यमात ऑसिलेटोरिया फार झपाट्याने वाढतो आणि बाकीच्यांना मागे टाकतो. त्याला कितीही उपाशी ठेवा, तो हेटेरोसिस्ट करणार नाही. माळ गोल मण्यांची न दिसता रचलेल्या नाण्यांच्या चळतीसारखी दिसत असेल आणि हळूहळू सरकत असेल, तर तो बहुधा तोच. तुमचा जो फ्लास्क रिकामा गेला त्याच्याबद्दल मला हाही संशय आहे. यावर उपाय सोपा: खाचरातला नमुना पहिल्यापासूनच नत्र नसलेल्या माध्यमात टाका. वाढ संथ होईल, पण जे वाढेल ते कामाचं असेल. गच्चीवरच्या ट्रेमध्ये मी तेच करते.

तुम्ही शेवटी ओझरता प्रश्न टाकलाय, वडील विचारतात याचा भाताला काय उपयोग. आपल्याकडच्या शिफारशींत या शेवाळामुळे हेक्टरी हंगामाला २० ते ३० किलो नत्र मिळतं असा आकडा देतात. शेत, पाणी आणि ऊन यांवर तो बराच हलतो. पण वरचं सगळं वाचल्यावर वडिलांना एक गोष्ट तुम्हीच समजावून सांगू शकाल. आवणीनंतर शेवाळ सोडलं आणि लगेच युरियाचा हप्ता फेकला, तर युरियाचा अमोनिया होतो, आणि अमोनिया नायट्रेटपेक्षाही कडक मनाई करतो. शेवाळ मरत नाही, हिरवंगार वाढतं, शेतकरी खूश होतो. पण पंगतीत कोणी उठलेलं नसतं. अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्यातली गोष्ट याच्या अगदी उलट. त्याच्या पानांच्या पोकळीत राहणाऱ्या माळेत हेटेरोसिस्टचं प्रमाण २० ते ३० टक्क्यांपर्यंत जातं, कारण तिथे माळेला स्वतःपुरतं नाही, पूर्ण झाडासाठी वाढायचं असतं.

पुन्हा प्रयोग कराल तेव्हा तीनदा धुवा, ३० अंशांच्या आसपास ठेवा, आणि ०, ६, १२, १८, २४ आणि ४८ तासांना एकेक स्लाइड बघा. प्रत्येक वेळी निदान वीस माळांतल्या दोन हेटेरोसिस्टमधल्या पेशी मोजा. टोकाचे हेटेरोसिस्ट वेगळे लिहा. त्यांना ठिपका एकच असतो, ते लगेच ओळखू येतात. बारा तासांची स्लाइड चुकवू नका, बहुतेक मुलं रात्र असते म्हणून तीच चुकवतात. सकाळी सहाला नत्र काढलंत तर बारा तास संध्याकाळी सहाला भरतात. जोड्यांचे फोटो पुन्हा टाकाल तेव्हा खाली तास आणि त्या दिवशीचं खोलीचं तापमान लिहा, म्हणजे मला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.